उजेड कोणत्या बाजूने?

दरवर्षी २७ फेब्रुवारी जवळ आला, की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आणि मोबाइलच्या पडद्यांवर मराठी भाषा गौरव दिनाची भित्तिपत्रके दिसू लागतात. त्यांचा एक साचा आता ठरून गेला आहे. मधोमध कुसुमाग्रजांचे छायाचित्र. त्यात एका गालावर उजेड. पाठीमागे उगवता सूर्य. खालच्या कोपऱ्यात समई. तिचा उजेड खालून वर. शीर्षकाची सोनेरी अक्षरे उठावदार आणि त्यांची सावली उजवीकडे खाली पडलेली. म्हणजे त्यांच्यापुरता उजेड डावीकडून, वरून. प्रमुख पाहुण्यांच्या नावाभोवती निळसर वलय, ते स्वयंप्रकाशी. हातभर कागदावर पाच सूर्य उगवलेले असतात आणि पाचांपैकी कोणाचीही कोणाशी ओळख नसते.

हे पत्रक करणारा विद्यार्थी आळशी नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. त्याने दोन रात्री जागून ते केलेले असते. साधने हाताशी आहेत, हौस आहे, गतीही आहे. उणीव आहे ती निर्णयाची. उजेड कोठून यावा, नजर प्रथम कोठे जावी, कोणती जागा मोकळी राहावी, हे प्रश्न त्याच्यापुढे कोणी ठेवलेलेच नसतात. आमचे म्हणणे असे, की हे प्रश्न मुळात अर्थाचे प्रश्न आहेत आणि म्हणून ते साहित्याच्या वर्गातले आहेत. मराठी विभागांनी ते आपले मानले नाहीत, तर विद्यार्थ्यांचे नुकसान होईल आणि भाषेचेही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हा चित्रकला महाविद्यालयांचा प्रांत. आपण भाषेची माणसे. आपण यात कशासाठी पडावे? वरवर पाहता हा आक्षेप विनयाचा वाटतो, परंतु त्यात आपल्याच परंपरेचा विसर आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेयांकडे मूर्ती घडविण्याची विद्या मागतो. मार्कंडेय म्हणतात, आधी चित्र शीक. चित्रासाठी नृत्य समजले पाहिजे, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत. आणि गीताचे विवेचन सुरू होताच बोलणे संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश अशा भाषांपर्यंत येऊन पोचते. दगडापासून निघालेला प्रश्न शब्दापाशी येऊन थांबतो. कलांमध्ये कुंपणे घालण्याची सवय पुष्कळ नंतरची आहे.

मराठीत तर 'रचना' हा एकच शब्द आपण कवितेसाठी आणि चित्रासाठी वापरतो. बा. सी. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे पदव्युत्तर वर्गाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. परीक्षेत तो त्यांवर टीप लिहितो, आणि त्याच आठवड्यात विभागाच्या कार्यक्रमाचे पत्रक करताना त्यांपैकी एकही तत्त्व त्याला आठवत नाही. कारण ही तत्त्वे आपण त्याला व्याख्या म्हणून दिली, डोळ्यांपुढे धरून दाखविली नाहीत. मर्ढेकरांचा विचार रेषा, रंग, ध्वनी अशा संवेदनांपासून सुरू होतो आणि मग साहित्याकडे वळतो, हे ध्यानात घेतले तर भित्तिपत्रक हे लयतत्त्व शिकविण्याचे सर्वांत स्वस्त साधन ठरेल.

ते कसे, हे थोडक्यात पाहू. एका कोऱ्या आयतावर कवीचा चेहरा, एक शीर्षक आणि तीन ओळींचा मजकूर एवढेच ठेवायचे आहे. चेहऱ्याच्या कडेची वक्ररेषा आणि शीर्षकातील अक्षरांची वळणे एकमेकांना प्रतिसाद देऊ लागली, एखादा रंग दोन ठिकाणी पुन्हा भेटला, की संवाद साधला जातो. शीर्षक मोठे आणि बाकीचा मजकूर खरोखरच लहान ठेवला, गडद भागाशेजारी फिका भाग येऊ दिला, की विरोध उभा राहतो. समतोल मात्र अनेकांना डाव्या-उजव्या सारखेपणात दिसतो, आणि तेथेच फसगत होते. रूडॉल्फ आर्नहाइम यांनी १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'आर्ट अँड व्हिज्युअल पर्सेप्शन' या ग्रंथात दाखविले आहे, की चित्रातील वस्तूचे दृश्य वजन ती मध्यापासून दूर जाईल तसे वाढते. तरफेवर लहान वजन दूर सरकवून मोठे वजन तोलावे, तसे. म्हणजे कडेला ठेवलेला एक छोटा गडद शब्द मध्याजवळच्या मोठ्या फिक्या चेहऱ्याला तोलून धरू शकतो. अर्ध्या ओळीच्या एका शब्दाने सगळ्या कडव्याचा तोल सावरावा, असे कवितेत आपण कितीदा अनुभवतो. गोष्ट तीच आहे.

चित्ररचनेतला आज सर्वाधिक प्रचारात असलेला नियम म्हणजे 'रूल ऑफ थर्ड्स', तृतीयांशाचा नियम. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषांची जाळी असते; महत्त्वाची वस्तू त्या रेषांच्या छेदांवर ठेवावी, एवढाच त्याचा अर्थ मुलांना ठाऊक असतो. या नियमाचे नाव जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या १७९७ सालच्या ग्रामीण निसर्गदृश्यांवरील पुस्तकात प्रथम आढळते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की स्मिथ या नियमापर्यंत येतो तो उजेडाच्या विचारातून. एका चित्रात दोन सारख्या बळाचे उजेड असू नयेत, एक मुख्य असावा आणि बाकीचे त्याच्या अधीन असावेत, हा त्याचा प्रारंभबिंदू आहे. तेथून तो हेच प्रमाण जमीन आणि आकाश, झाडी आणि पाणी यांच्या वाटणीला लावतो. म्हणजे आज जो जागेचा नियम म्हणून शिकविला जातो, त्याचे मूळ प्रकाशाच्या श्रेणीत आहे. रचना आणि प्रकाशयोजना हे दोन वेगळे धडे नव्हेतच. कोण मुख्य आणि कोण गौण, या एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरे आहेत.

या दोन्ही गोष्टींचा एकत्रित धडा देणारे चित्र म्हणजे रेम्ब्रांटचे 'नाइट वॉच'. ते १६४२ साली पूर्ण झाले. १७१५ साली ते ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात हलविताना ठरलेल्या जागी मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापण्यात आले. डावीकडची तर सुमारे ६० सेंटीमीटर रुंदीची पट्टी गेली. कापलेले तुकडे आजवर सापडलेले नाहीत. सुदैवाने सतराव्या शतकातच खेरिट लुंडेन्स या चित्रकाराने मूळ चित्राची एक लहान प्रत केली होती. तिच्या आधारे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ॲमस्टरडॅमच्या रैक्सम्यूझियमने २०२१ साली हरवलेल्या कडा नव्याने तयार करून काही काळ चित्राभोवती लावल्या. तेव्हा प्रेक्षकांना दिसले, की कप्तान आणि त्याचा सहकारी मुळात मधोमध नव्हतेच. ते मध्याच्या उजवीकडे होते आणि त्यांच्या पुढे डावीकडे मोकळी जागा होती. त्या जागेत ते पाऊल टाकीत होते. कापलेल्या चित्रात ते मध्ये येऊन उभे राहिले आणि चाल मंदावली. एकाही माणसाला हात न लावता चित्राचे क्रियापद बदलले.

याच चित्राच्या नावाची गंमत उजेडाशी निगडित आहे. ते रात्रीचे चित्र नाही. वर्षानुवर्षे वॉर्निश काळवंडत गेल्याने ते रात्रीचे वाटू लागले आणि त्याला तसे नाव पडले. विसाव्या शतकाच्या चाळिशीत ते स्वच्छ केले गेले तेव्हा आत दिवसाचा उजेड सापडला. छाटणीने चाल बदलते आणि काजळीने वेळ बदलते. आजचे प्रत्येक पत्रक एकाच दिवसात चौकोनी, उभे आणि आडवे अशा तीन-चार मापांत कापले जाते. दर कापणीला आपण कोणती मोकळी जागा गमावतो आहोत, हा प्रश्न कवितेची ओळ भलत्या ठिकाणी तोडू नये एवढी जाण असलेल्या माणसालाच पडू शकतो.

आता उजेडाकडे अधिक नेमकेपणाने वळू. आपले डोळे उजेडाबाबत काही गृहीत धरून चालतात. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली 'नेचर' या नियतकालिकात छायेवरून आकार कसा जाणवतो यावर संशोधन मांडले. वरच्या अंगाला उजळ आणि खाली गडद असे वर्तुळ आपल्याला फुगीर दिसते. तेच उलटे केले, की खड्डा दिसतो. उजेड वरून येतो, असे मेंदू धरून चालतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्या दृश्याला उजेडाचा स्रोत एकच आहे, असेही तो धरून चालतो. एका सूर्याखाली लाखो वर्षे वावरलेल्या डोळ्यांची ही सवय आहे. संगणकाच्या पडद्यावरची उठावदार बटणे याच सवयीवर उभी होती. आणि पाच सूर्यांचे पत्रक पाहताना जी अस्वस्थता वाटते, तिचेही कारण हेच. पाहणाऱ्याला दोष सांगता येत नाही; 'काहीतरी खटकते' एवढेच तो म्हणतो.

हा गोंधळ संगणकाच्या युगातच एवढा का माजला? आमच्या मते त्याचे कारण साधनाच्या घडणीत आहे. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले आणि १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात थरांची, म्हणजे लेअरची, सोय झाली. चित्रातील प्रत्येक घटक वेगळ्या पारदर्शक थरावर ठेवता येऊ लागला. ही सोय क्रांतिकारक होती, यात वाद नाही. पण तिच्यामुळे प्रत्येक घटक शेजाऱ्यापासून मोकळा झाला. समई एका छायाचित्रातून आली, सूर्य दुसऱ्यातून, चेहरा तिसऱ्यातून. आणि येताना प्रत्येकाने आपापल्या गावचा उजेड बरोबर आणला. पुढे अक्षरांना सावली, उठाव, वलय देणाऱ्या तयार करामती आल्या. त्याच सॉफ्टवेअरमध्ये 'ग्लोबल लाइट' नावाची एक सोय आहे: सगळ्या थरांवरच्या सावल्यांना उजेडाचा एकच कोन लावणारी. म्हणजे ते साधन घडविणाऱ्यांना प्रश्न माहीत होता. मात्र ही सोय फक्त कृत्रिम सावल्यांना वळण लावते. छायाचित्रातून आलेला उजेड तिला वळवता येत नाही. तेथे निवडच शहाणपणाने करावी लागते.

जुन्या छपाईत हा निर्णय सक्तीने घ्यावा लागे. रंगागणिक वेगळा ठसा लागत असल्याने दोन रंगांत मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराला कागदाचा पांढरा हाच तिसरा रंग समजून योजना करणे भाग होते. आज पडद्यावर १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंगछटा फुकट मिळतात. स्वस्ताई वाईट नसते. पण सक्तीने जी शिस्त लावली होती, ती आता आपणहून लावून घ्यावी लागेल.

या शिस्तीचा नमुना म्हणून सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील जलरंगचित्र आठवावे. १९४५च्या सुमारास केलेले हे चित्र 'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखले जाते. कित्येक जण ते चुकून राजा रविवर्म्याचे समजतात. साडी नेसलेली एक तरुणी एका हातात दिवा घेऊन उभी आहे आणि दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करते आहे. बोटांच्या कडा तांबूस झाल्या आहेत. चेहऱ्यावर उजेड आहे, वस्त्रावर तो उतरत जातो आणि मागे अंधार आहे. ज्याच्यामुळे सगळे दिसते ती ज्योतच आडोशाला आहे. तेथे तेज दाखविण्यासाठी काहीही चिकटविलेले नाही.

यातली कारागिरीची बाब साहित्याच्या विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखी आहे. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे न रंगविलेला किंवा अगदी पातळ रंगविलेला कागद. तो मागाहून घालता येत नाही. पहिला कुंचला टेकण्यापूर्वीच कोठे थांबायचे हे ठरवावे लागते. याउलट संगणकावर उजेड शेवटी घातला जातो. सगळे झाल्यावर 'थोडी चमक दे' म्हणून. पहिल्या पद्धतीत उजेड हा रचनेचा पाया आहे, दुसरीत तो अलंकार आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त दिलेला दृष्टान्त येथे चपखल बसतो. ज्याला उजेड हवा असतो तो दिव्याच्या ज्योतीची निगा राखतो. तसाच व्यंग्यार्थाची ओढ असलेला कवी वाच्यार्थाची निगा राखतो. उजेड थेट निर्माण करता येत नाही, ज्योत नीट करता येते. वलयाची करामत ही ज्योतीवाचून उजेड मिळविण्याची धडपड असते. म्हणून ती झगमगते, पण उजळत नाही.

क्षेमेंद्राचा औचित्यविचारही आपण शिकवितो. मेखला गळ्यात आणि हार कमरेला बांधला तर हसे होते, हे त्याचे उदाहरण वर्गात नेहमी हशा पिकविते. दुखवट्याच्या पत्रकावर सोनेरी उठावाची अक्षरे पाहून मात्र कोणी हसत नाही. हे औचित्यभंगाचे ताजे उदाहरण आपल्या फलकावर टांगलेले असते आणि आपण अकराव्या शतकातले उदाहरण देत असतो.

देवनागरीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी असतात; आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबकळतात. शिरोरेषा हे आयत्या हाती आलेले क्षितिज आहे. ती चित्रात कोठे ठेवावी, यावर आकाश किती आणि जमीन किती हे ठरते. तिच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरे. म्हणून दोन ओळींत रोमन मजकुराहून अधिक अंतर सोडावे लागते. तयार साच्यांत रोमनसाठी ठरविलेले अंतर तसेच राहिले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. त्यावर सावलीची करामत केली, की अक्षरांच्या पोटातल्या बारीक पोकळ्या भरून जातात आणि 'घ' कोणता, 'ध' कोणता हे कळेनासे होते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वृत्तपत्रांतल्या कृष्णधवल नाट्यजाहिरातींसाठी केलेली शीर्षके आठवा. अक्षराच्या वळणातूनच नाटकाचा स्वभाव सांगणाऱ्या त्या अक्षरांना उसन्या चमकेची गरज पडली नाही. काळे आणि पांढरे एवढ्या दोन बळांवर त्यांनी प्रकाशयोजना केली.

येथे एक नैतिक बाजूही आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किती अंतर असावे, याचे जागतिक संकेत संकेतस्थळांसाठी ठरलेले आहेत: सामान्य आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १. हे गुणोत्तर रंगाच्या नावावरून ठरत नाही, उजळपणावरून ठरते. तांबडे आणि हिरवे शब्दांत विरुद्ध असले तरी उजळपणात सारखे असू शकतात. पत्रक कृष्णधवल करून पाहिले, की ती अक्षरे नाहीशी होतात. म्हातारी माणसे, रंगांधळे वाचक यांना ती आधीही दिसत नव्हतीच. ज्याला वाचता येते त्याला वाचू न देणे, याला सजावट म्हणत नाहीत.

आता दुसरा, अधिक गंभीर आक्षेप. एकाच उजेडाचा हा आग्रह युरोपीय वास्तववादाचा नव्हे काय? आपल्या लघुचित्रांत तर पडछाया नसते. राजस्थानी शैलीतल्या रात्रीच्या प्रसंगात माणसे दिवसासारखीच स्वच्छ दिसतात. रात्र आहे हे चांदण्या आणि मशाली सांगतात. चित्रसूत्रात 'वर्तना' म्हणून छायांकनाचा विचार आहे, तो आकाराला गोलाई देण्याचा आहे. खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा नाही. पडद्यावरही २०१३ साली ॲपलने 'आयओएस ७' आणून उठाव आणि चकाकी काढून टाकली, सपाट रचनेची लाट आली. मग एक उजेड कशाला हवा?

आक्षेप रास्त आहे आणि तो आमचे म्हणणे अधिक नेमके करतो. एकच सूर्य हवा, असा नियम नाही. एकच निर्णय हवा. लघुचित्रकाराने सर्वत्र सारखा उजेड ठेवला, तो सगळ्या चित्रभर ठेवला. रात्रही प्रेमिकांना झाकू शकत नाही, असे जणू त्या जगाचे म्हणणे आहे आणि ते चित्राचा प्रत्येक कोपरा पाळतो. सपाट रचनेतही सावली नसणे ही भूमिका आहे. पुढे २०१४ साली गुगलने 'मटेरियल डिझाइन' मांडताना सावली परत आणली ती एका नियमाने: पडद्यावरचे घटक म्हणजे कागदाचे तुकडे, आणि जो तुकडा अधिक वर त्याची सावली अधिक मोठी. तेथे सावली म्हणजे एक व्याकरण होते. व्याकरणे अनेक असू शकतात. एकाच वाक्यात पाच व्याकरणे असू नयेत, एवढेच आम्ही म्हणतो. कादंबरीत निवेदक सर्वज्ञ असो की 'मी' असो. पण परिच्छेदागणिक कारणाशिवाय बदलू लागला, तर आपण त्याला दोष देतो. उजेडाची दिशा हा चित्रातला निवेदक आहे. कोणाच्या बाजूने पाहायचे, काय दाखवायचे आणि काय अंधारात ठेवायचे, हे तोच ठरवितो.

नियमांनी प्रतिभा मरते, असेही काही जण म्हणतील. मर्ढेकरांनीच नवकविता अभंग आणि ओवीच्या घाटात लिहिली, एवढे उत्तर आम्हांस पुरेसे वाटते.

तिसरा आक्षेप अगदी अलीकडचा. २०२२ पासून शब्दांत वर्णन केले, की चित्र तयार करून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. आता रचना आणि उजेड यंत्र पाहील, शिकायचे कशाला? आम्हांला याच्या नेमके उलट वाटते. यंत्र न मागताही उजेड देते, आणि बहुधा सायंकाळचा सोनेरी, पाठीमागून येणारा, सगळ्यांना शोभिवंत करणारा उजेड देते. शेतकऱ्याच्या कर्जावरच्या कवितेलाही तो तसाच उजेड देऊ लागले, तर त्याला अडविणारा कोण? ज्याला तो उजेड वाचता येतो तोच. आणि त्याला दुसरा उजेड मागायचा असेल, तर शब्दांतच मागावा लागेल.

येथे खरा प्रश्न भाषेचा होतो. आमच्या वर्गात विद्यार्थ्यांना चित्रातल्या उजेडाचे वर्णन करायला सांगितले, तर मराठीत 'छान उजेड' यापलीकडे गाडी क्वचितच जाते; नेमके काही सांगायचे झाले, की तोंडी इंग्रजी शब्द येतात. आणि ही अशा भाषेतली गोष्ट आहे, जिच्यात कवडसा आणि तिरीप वेगळे आहेत, सावली आणि पडछाया वेगळ्या आहेत, झोत आणि झळाळी वेगळी आहे. कोवळे ऊन, तिरपे ऊन, रणरणते ऊन, उतरते ऊन. संधिप्रकाश, झुंजुमुंजू, तिन्हीसांजा. अंधुक, मिणमिणता, लख्ख, धूसर. कौलाच्या भिंगातून शेणाच्या जमिनीवर पडणारा कवडसा आणि फाटकाच्या गजांतून येणारे ऊन यांत प्रकाशयोजनेचे दोन पाठ आहेत. ही संपत्ती आपल्या कथाकादंबऱ्यांत पानोपानी आहे. तिचा वापर दृश्यरचनेच्या चर्चेत होऊ लागला नाही, तर हे शब्द 'जुन्या मराठीचे सौंदर्य' म्हणून टीपांत उरतील आणि विचार दुसऱ्या भाषेत होऊ लागेल. एखादा व्यवहार भाषेच्या हातून निसटतो तो असाच. बंदी घालून नव्हे, शब्द न वापरून.

म्हणून आम्ही काही साध्या सूचना करतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांना पदवीच्या चौकटीत जागा मिळाली आहे. मराठी विभागांनी त्यात 'मुखपृष्ठ आणि भित्तिपत्रक यांचे वाचन' असा घटक घ्यावा. त्यासाठी संगणककक्षाचीही गरज नाही. नेमलेल्या कादंबरीचे मुखपृष्ठ वर्गात फिरवावे आणि तीनच प्रश्न विचारावेत. नजर आधी कोठे गेली? उजेड कोणत्या बाजूने आहे? मोकळी जागा काय सांगते? मग कादंबरी वाचून झाल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. मुखपृष्ठ ही त्या पुस्तकावरची पहिली समीक्षा असते. ती पटली की नाही, यावर निबंध लिहून घ्यावा. भित्तिपत्रक करणाऱ्यांना पहिला खर्डा फक्त काळ्या-पांढऱ्यात करायला लावावा. तो उभा राहिला तरच रंगाला परवानगी. डोळे किलकिले करून लांबून पाहण्याची चित्रकारांची जुनी युक्ती शिकवावी. तेव्हा तपशील विरघळतात आणि फक्त उजेड-अंधाराचे पट्टे उरतात. आणि चर्चा मराठी शब्दांत करावी.

आपल्या वर्गातल्या अनेक मुलांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या असतात. तेथे स्थिरचित्रात तांब्या आणि फळे काढताना उजेड एका बाजूने धरायचा आणि सावली दुसऱ्या बाजूला टाकायची, हे त्यांना कोणीतरी शिकविलेले असते. म्हणजे कागदावर त्यांना जे येत होते, तेच पडद्यावर हरवले आहे. ते परत मिळविणे अवघड नाही. एक प्रश्न पुरे, आणि तो प्रत्येक पत्रक टांगण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे: उजेड कोणत्या बाजूने, आणि त्याच बाजूने का? यांतल्या पहिल्या भागाचे उत्तर चित्रकार देईल. 'का'चे उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांनी आयुष्यभर अर्थाचा व्यवसाय केला त्यांच्यावर, म्हणजे आपल्यावर आहे.